सायकल खोलणाऱ्या मास्तरानं शेतकऱ्याच्या हातात लोखंडी नांगर दिला

बीड जिल्ह्यातलं तेलगाव माहितीय का? बीडहून परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरला जाणारा रस्ता जिथं एकमेकांना भेटतात, तेच हे गाव. साखर कारखान्यामुळं पंचक्रोशीत ओळखलं जातं. इथून धारूरकडं निघालं की बालाघाटच्या डोंगराचा घाट लागतो. वळणं, चढ, उतार आणि रस्ता सोडला की नुसता मुरूम आणि दगडगोटे.

आता समजा, या डोंगरातनं कुणी फुल सस्पेन्शनची माउंटन बाईक घेऊन उतरलं. फुल सस्पेन्शन म्हणजे पुढच्या चिमट्यातही दणके झेलायची सोय आणि मागच्या चाकासाठी वेगळा शॉकअप. मागचा सगळा भाग सांध्यावर वरखाली हलतो, त्या सांध्यात बेअरिंग असतात. गाडी भारी असते. पण काही पावसाळे खाल्ले की शॉकअपचं रबरी सील सुकतं, आतलं तेल काळं पडतं, हवा टिकत नाही आणि सांध्यातली बेअरिंग खडखडायला लागतात.

मग तिला नीट करायची म्हणजे सगळी खोलावी लागते. गावाकडच्या कुठल्याही सायकलच्या दुकानात पंक्चर निघेल, चाकाची आउट निघेल, चेन बदलून मिळेल. पण त्या शॉकअपचं सील? ते शहरातून नाहीतर थेट परदेशातून मागवायचं. एवढ्याशा पार्टपायी अख्खी सायकल भिंतीला टेकून उभी.

हा प्रश्न सायकलीचा वाटतो, पण तो फार जुना आहे. यंत्र परदेशातून आलं, पैसे आपण मोजले, पण ते बिघडल्यावर आपल्या हातानं खोलून उभं करता आलं नाही, तर ते आपलं म्हणायचं का?

सव्वाशे वर्षांपूर्वी बेळगावच्या एका माणसानं याच प्रश्नावर आख्खं आयुष्य काढलं. सुरुवात सायकलीपासूनच केली. त्यांचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

चित्रकार व्हायला निघाले, पण रंगांनी दगा दिला

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव गुर्लहोसूर, जिल्हा बेळगाव. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर ते हेच गाव आणि हेच घराणं. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या-पुराणांचं वातावरण. पण या पोराचं मन पुस्तकात रमायचं नाही. त्याला दोनच गोष्टींचा नाद. एक चित्रं काढायची आणि दुसरं म्हणजे यंत्रं कशी चालतात ते बघत बसायचं.

त्या काळात चांगल्या घरातल्या मुलानं शिकून वकील व्हावं, मामलेदार व्हावं, निदान कारकून तरी व्हावं अशी अपेक्षा असायची. हत्यारं हातात धरणं हे सुतार-लोहारांचं काम मानलं जायचं. घरच्यांना हे काही पटण्यासारखं नव्हतं. पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षं गेली आणि एक गोष्ट उघड झाली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखताच येत नव्हते. अंशतः रंगांधळेपण. चित्रकाराला रंग दिसत नसतील तर पुढं काय? तिथं दुसरा कुणीही गावी परतला असता.

त्यांनी रंग सोडले, पेन्सिल सोडली नाही. यंत्राच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. तिथं लागते सरळ रेघ, अचूक माप आणि डोळ्यांपुढं नसलेली वस्तू आतून-बाहेरून डोळ्यांपुढं आणायची ताकद. ती त्यांच्याकडं भरपूर होती. मेकॅनिकल ड्रॉइंगच्या जोरावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली.

ही संस्था १८८७ ची. तेव्हा ती भायखळ्याला होती. मास्तर शिकवायचे ड्रॉइंग, पण सुट्टी मिळाली की जायचे वर्कशॉपमध्ये. यंत्रं खोलायची, जोडायची, लेथवर काम करायचं. इंजिनिअरिंगची कुठलीही पदवी त्यांच्याकडं नव्हती. जी काही विद्या मिळवली ती या वर्कशॉपमधल्या ग्रीस आणि किसामधून.

आणि मुंबईच्या रस्त्यावर सायकल दिसली

याच काळात लक्ष्मणरावांनी मुंबईत पहिल्यांदा एक माणूस सायकलवरून जाताना पाहिला.

आज आपल्याला यात काहीच वाटणार नाही. पण तेव्हाची सायकल म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात नवी टेक्नॉलॉजी. त्याआधीची सायकल म्हणजे पुढं माणसाएवढं उंच चाक आणि मागं एक चिमुकलं चाक. त्यावरून पडलं की थेट तोंडावर. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर नावाची सायकल काढली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मध्ये पेडल आणि मागचं चाक फिरवायला चेन. आज तेलगावपासून टोकियोपर्यंत जी सायकल दिसते, तिचा सांगाडा तोच आहे.

त्यात एकच त्रास होता. टायर भरीव रबराचे. प्रत्येक खड्डा थेट कण्यात. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेलं टायर बनवलं. लोखंडाच्या सांगाड्याला आणि रस्त्याला हवेच्या उशीनं वेगळं केलं. खरं बघायला गेलं तर सायकलचं पहिलं यशस्वी सस्पेन्शन हेच. आजच्या माउंटन बाईकच्या एअर शॉकमध्येही दणका झेलते ती कोंडलेली हवाच.

योगायोग असा की किर्लोस्कर उद्योगाची सुरुवातही १८८८ सालचीच मानली जाते. लक्ष्मणराव मुंबईत सायकल विकत घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. तिथं रामूअण्णा ती विकायचे. दोन भावांचं दुकान म्हणून नाव पडलं किर्लोस्कर ब्रदर्स.

दुकान सायकलचं, शाळा यंत्राची

बेळगाव हे तेव्हा लष्करी छावणीचं गाव. साहेब लोक, वकील, सरकारी अधिकारी अशा मोजक्याच माणसांना सायकल परवडायची. बाकीच्यांनी नुसतं बघत राहायचं. सायकल विकली म्हणजे काम संपलं असंही नव्हतं. घेणाऱ्याला ती चालवता यायची नाही. मग शिकवणी. सायकल शिकवायची फी १५ रुपये असल्याचं सांगितलं जातं. तेव्हाचे १५ रुपये म्हणजे एखाद्या कारकुनाचा पगार.

शिकताना माणूस पडणार. पडला की हँडल वाकणार, चाकाची आउट येणार, पेडलचा दांडा मुरगळणार. म्हणजे दुरुस्ती आलीच.

आता जरा विचार करा. विलायतेतून आलेली सायकल. तिचा एखादा कोन झिजला, छर्रे फुटले, चेनची कडी तुटली, तर नवा पार्ट बोटीनं यायचा. तोवर गिऱ्हाईक काय करणार? दुकानदारापुढं दोनच वाटा. हात वर करायचे, नाहीतर तो पार्ट इथंच घासून-ठोकून बनवायचा.

सायकलीइतकं चांगलं पाठ्यपुस्तक दुसरं नाही. तिच्यात काहीच झाकलेलं नसतं. चाक ताणलेल्या तारांवर उभं असतं. एक तार सैल झाली की रिम वाकडी पळते, म्हणून तारा सारख्या ताणाव्या लागतात. हबमध्ये छर्रे असतात, त्यांच्यावर कोन किती आवळायचा हे हाताला कळावं लागतं. जास्त आवळला तर चाक अडतं, कमी आवळला तर डुगडुगतं. चेन झिजली की ती दातऱ्यालाही झिजवते. म्हणजे कुठला भाग आधी संपणार आणि तो वेळेत बदलला नाही तर दुसऱ्या कुठल्या भागाचा घास घेणार, हे सायकल उघड्या डोळ्यांनी शिकवते.

इकडं मुंबईत नोकरी चालूच होती. पण एक दिवस असा आला की बढतीची जागा निघाली, लक्ष्मणरावांचा हक्क होता आणि ती जागा त्यांना नाकारण्यात आली. गोऱ्यांच्या राज्यात देशी माणसाची पायरी कुठवर, हे त्यांना कळून चुकलं. त्यांनी राजीनामा दिला, सामान बांधलं आणि बेळगाव गाठलं. आता पोट या दुकानावरच भरायचं होतं.

सायकलवाल्यांनी जग बदललं तो काळ

हे फक्त बेळगावात घडत नव्हतं. अमेरिकेत डेटन गावी ऑर्व्हिल आणि विल्बर राईट या भावांनी १८९२ मध्ये सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. तोल, चेन, हलका पण मजबूत सांगाडा या सगळ्याचा अभ्यास त्यांनी सायकलवरच केला आणि १९०३ मध्ये विमान उडवलं. युरोपात लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी १८९५ मध्ये सायकलचा धंदा सुरू केला, त्याचीच पुढं स्कोडा झाली. इंग्लंडचे विल्यम मॉरिस सायकली दुरुस्त करता करता मोटारीचे कारखानदार झाले.

पण या सगळ्यांच्या पाठीशी एक गोष्ट होती. त्यांच्या गावात पोलाद मिळत होतं, ओतशाळा होत्या, हत्यारं मिळत होती. बेळगावात यातलं काही नव्हतं. आणि मोटार नाहीतर विमान घेणारं गिऱ्हाईकही नव्हतं.

इथं गिऱ्हाईक कोण होतं? शेतकरी. दहातली बहुतेक माणसं शेतीवर जगणारी. सायकल घेणारे बोटावर मोजण्याइतके, बैल मात्र घरोघरी. दुकान मोठं करायचं असेल तर साहेबांच्या बंगल्यावरून बैलाच्या गोठ्याकडं वळायला हवं होतं. लक्ष्मणराव वळले.

आधी कडबा, मग नांगर

पहिलं यंत्र निघालं ते कडबा कापायचं. मराठवाड्यातल्या माणसाला कडब्याचं मोल वेगळं सांगायला नको. ज्वारीचा आख्खा कडबा जनावरापुढं टाकला की ते पानं खातं आणि जाड ताटं तुडवून टाकतं. दुष्काळी भागात ही नासाडी परवडत नाही. तोच कडबा बारीक कापून दिला की गव्हाणीत काही उरत नाही. कडब्याची कुट्टी आज गावोगाव मोटारीवर होते. ते काम तेव्हा हातानं फिरवायच्या चाकावर सुरू झालं. गंमत बघा, चाक, धार आणि दातऱ्या. सायकलवाल्या हाताला हे अनोळखी नव्हतं.

त्यानंतर आला नांगर. किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर १९०३ सालचा. राईट बंधूंनी विमान उडवलं तेच साल.

तेव्हाचा आपला नांगर लाकडाचा. काळ्या चिकट जमिनीत तो ओढायला बैलांच्या कितीतरी जोड्या लागायच्या. एवढं करूनही तो माती फाडायचा, पलटायचा नाही. हरळी आणि कुंद्याच्या मुळ्या खोल जमिनीत तशाच राहायच्या आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा डोकं वर काढायच्या. लोखंडी नांगराला वळलेलं पान असतं. ते खालची माती उचलून वर आणतं, पलटतं. मुळ्या उघड्या पडून उन्हात मरतात.

विलायतेत ही गोष्ट शंभर वर्षं जुनी होती. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम या ओतारी माणसानं १८०३ मध्ये फाळाची एक युक्ती शोधली होती. फाळ ओतताना त्याची खालची बाजू पटकन थंड करायची. त्यामुळं ती कडक होते आणि वरची बाजू मऊ राहते. जमिनीत घासताना मऊ बाजू आधी झिजते आणि कडक बाजूची धार आपोआप टिकून राहते. पुढं १८०८ मध्ये त्यांनी नांगर नट-बोल्टवर जोडायची पद्धत काढली. तुटलेला भाग शेतकऱ्यानं शेतातच बदलावा म्हणून. हे नांगर भारतातही यायचे. लक्ष्मणरावांनी विलायती नांगर डोळ्यांखाली घातले आणि तशा जातीचा नांगर बेळगावात ओतायला घेतला.

नांगर तयार झाला. आता घेणार कोण?

कुणीच नाही.

लोखंडानं जमिनीला विष चढतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. लक्ष्मणरावांनी समजावून सांगितलं, नांगर दाखवला, पण गिऱ्हाईक उभं राहीना. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

ही गोष्ट सांगताना शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळं व्हायची पद्धत आहे. पण त्याची बाजूही बघायला हवी. लाकडी नांगर गावचा सुतार बनवायचा, फाळ लोहार शेवटायचा. त्या बदल्यात वर्षाकाठी बलुतं द्यायचं. नांगर मोडला तर सकाळी सुताराच्या दारात आणि दुपारी परत रानात. लोखंडी नांगर मोडला तर? पेरणी तोंडावर, मृग लागलेला आणि नांगराचा पार्ट बेळगावला. एक आठवडा चुकला तर वर्ष चुकतं. ज्याच्या घरात वर्षभराचे दाणे या एका नांगरणीवर ठरतात, तो माणूस दुरुस्त न होणारं यंत्र घ्यायला घाबरणारच.

पण एकदा का शेजाऱ्याच्या रानात लोखंडी नांगरानं हरळी काढलेली दिसली, खालची काळी माती वर आलेली दिसली, की बोलणं वेगळं व्हायला लागलं. फाळ झिजला तर नवा फाळ मिळतो, आणि तो विलायतेहून नाही तर इथूनच येतो, हे कळायला लागलं. विलायती नांगरापेक्षा देशी नांगराचा हाच मोठा फायदा होता.

जम बसतोय तोवर जागा गेली

धंदा रुळावर येत होता आणि बेळगावच्या नगरपालिकेचा हुकूम आला. जागा सोडा. गावाची नवी वस्ती वाढवायची होती आणि कारखाना त्या जागेत होता.

घरदार, भट्टी, यंत्रं सगळं उचलून जायचं कुठं? हातात भांडवल नाही. चाळिशी गाठलेला माणूस पुन्हा रस्त्यावर.

अशा वेळी हात दिला औंधच्या राजेसाहेबांनी. भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कलेचे शौकीन. लक्ष्मणरावांनी औंधला देवीच्या सभामंडपाचं काम केलं होतं, त्यामुळं ओळख होती. राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात कारखाना काढायला सांगितलं. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले.

३२ एकर ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात ते होतं निवडुंगाचं रान. माळरान, पाण्याची बोंब आणि पावलोपावली साप. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपला कबिला घेऊन तिथं उतरले. त्यांनी जागा निवडली, कारण शेजारून रेल्वे जात होती. कच्चं लोखंड आणि कोळसा आणायचा आणि तयार नांगर पाठवायचे तर रेल्वे हवीच.

सोबतीला आलेली माणसंही बघण्यासारखी होती. कारभार बघायला रामूअण्णा. इंजिनिअरिंगची बाजू सांभाळायला शंभूअण्णा जांभेकर. हिशेबाला मंगेशराव रेगे. शाळा अर्धवट सोडलेले पण डोकं भन्नाट चालणारे अनंतराव फळणीकर. परीक्षेत नापास झालेले पण पडेल ते काम निभावणारे के. के. कुलकर्णी. कागदावर बघितलं तर यातल्या निम्म्या माणसांना कुणी दारात उभं केलं नसतं. लक्ष्मणरावांकडं स्वतः तरी कुठं पदवी होती? त्यांनी माणसाचा दाखला बघितला नाही, हात बघितला.

एवढंच नाही, तर तुरुंगात जाऊन आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिर्‍या मांग या दोघांना त्यांनी वसाहतीच्या राखणीला ठेवलं. ज्यांच्यावर गावानं कधी भरवसा टाकला नव्हता, त्यांच्या हातात चौकी-पहारा दिला. त्यांनी तो चोख सांभाळला. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हाही लक्ष्मणरावांचा दंडक होता. १९१० चं दशक होतं हे लक्षात घेतलं की त्याचं वजन कळतं.

निवडुंग हटला, घरं उभी राहिली, शाळा आली, झाडं आली. भारतातल्या सगळ्यात जुन्या औद्योगिक वसाहतींमध्ये तिची गणना होते. कुंडल रोड हे स्टेशनचं नावही बदलून किर्लोस्करवाडी झालं. आज ती सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येते.

तोफा वितळल्या, नांगर झाले

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. विलायतेहून येणारा माल बंद झाला. एका बाजूनं ही संधी होती, कारण परदेशी नांगर बाजारातून गायब झाले. पण दुसऱ्या बाजूनं कच्चं लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. भट्टी पेटवायची कशावर आणि ओतायचं काय?

इथं पुन्हा तोच सायकलच्या दुकानातला हात कामाला आला. पार्ट मिळत नाही ना, मग जे मिळतं त्यातनं मार्ग काढायचा. दगडी कोळसा नाही तर लोणारी कोळसा. नवं लोखंड नाही तर मोडीतलं लोखंड.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, गंजत पडलेल्या तोफा किर्लोस्करांना दिल्या. एकेकाळी गडावरून शत्रूवर धडधडलेलं लोखंड किर्लोस्करवाडीच्या भट्टीत वितळलं आणि त्याचे फाळ होऊन शेतकऱ्याच्या रानात गेले. नांगरांचं काम थांबलं नाही.

युद्ध संपल्यावर १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही रीतसर कंपनी झाली. त्याच वर्षी किर्लोस्कर खबर निघालं. सुरुवातीला ते कारखान्याचं माहितीपत्रक होतं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी त्याचं महाराष्ट्र वाचेल असं मासिक केलं. त्याच घरातून पुढं स्त्री आणि मनोहर ही मासिकं आली.

कारखान्यात नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं तयार व्हायला लागली. १९२६ मध्ये सेंट्रिफ्युगल पंप निघाला. विहिरीवरची मोट जाऊन पंप येण्याची ती सुरुवात होती. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. बापाकडं पदवी नव्हती, मुलगा जगातल्या नामांकित संस्थेतून शिकून आला आणि किर्लोस्करवाडीत कामाला लागला. १९४१ मध्ये हरिहरला लेथ मशीनचा कारखाना, १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिन आणि बंगळुरूला इलेक्ट्रिक मोटारी असा पसारा वाढत गेला.

यात लेथचा कारखाना विशेष महत्त्वाचा. लेथ म्हणजे यंत्राचे पार्ट बनवणारं यंत्र. ज्या देशात लेथ बनतं, त्या देशाला प्रत्येक झिजलेल्या पार्टसाठी बोटीची वाट बघावी लागत नाही. भायखळ्याच्या वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी लेथवर उभ्या राहणाऱ्या मास्तरांच्या घरानं लेथचाच कारखाना काढला होता.

तेलगावचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९४८ पर्यंत तिथंच राहिला. पण काळी माती राज्याची हद्द बघत नाही. हरळी, कुंदा, कडबा, विहिरीचं पाणी आणि पुढं ऊस, हे सगळे प्रश्न तिथलेही तेच. विहिरीवरच्या कुठल्याही जुन्या इंजिनाची गोष्ट काढली तर गावाकडची म्हातारी माणसं आजही कंपनीचं नाव म्हणून किर्लोस्कर म्हणत नाहीत, इंजिनालाच किर्लोस्कर म्हणतात.

मग माउंटन बाईकचं काय?

थोडं थांबा, ती गोष्टही याच रस्त्यावर येते.

माउंटन बाईक ही काही एखाद्या बड्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं भंगारातल्या जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगर उतरायची. त्या सायकलींना पेडल उलटं मारलं की लागणारा ब्रेक असायचा. डोंगर उतरता उतरता तो इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. प्रत्येक फेरीनंतर हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. ग्रीस पुन्हा भरण्यावरूनच त्या उताराचं आणि १९७६ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीचं नाव पडलं रिपॅक.

खोलता खोलता सुधारणा सुचत गेल्या. कुणी चांगले ब्रेक बसवले, कुणी गिअर लावले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी डोंगरासाठी म्हणून वेगळा सांगाडाच बनवला. पुढं दणके झेलणारा चिमटा आला, मागं शॉकअप आला आणि आजची फुल सस्पेन्शन सायकल तयार झाली. म्हणजे ही सायकल जन्मलीच मुळी दुरुस्तीतून.

म्हणून अशी सायकल नव्यानं उभी करायची तर त्याची रीतही जुनीच आहे. आधी सगळी खोलायची, धुवायची. कुठला भाग झिजलाय ते हातानं बघायचं. सांध्यातली बेअरिंग बदलायची, कारण ती सैल राहिली तर आख्खा सांगाडा खराब करतात. शॉकअपचं सील आणि तेल बदलायचं. चेन आणि दातऱ्या जोडीनं बघायच्या. आणि मगच नवीन, महागाचं काही बसवायचा विचार करायचा. झिजलेल्या सांध्यावर भारी शॉकअप लावून उपयोग नसतो. १८८८ च्या सायकलीलाही हेच लागू होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचं २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झालं. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

लोक त्यांना उद्योगपती म्हणतात आणि ते खरंच आहे. पण त्यांचं सगळं आयुष्य एका ओळीत मांडायचं तर ते असं. बाहेरून आलेलं यंत्र खोलून बघितलं, त्यात आधी काय झिजतं ते ओळखलं आणि तो भाग इथल्या मातीत, इथल्या माणसांकडून बनवून घेतला. सायकलीपासून लेथपर्यंत हाच एक धडा.

बेळगावात ज्या रस्त्यावर दोन भावांचं सायकलचं दुकान होतं, तो रस्ता आजही किर्लोस्कर रोड या नावानं ओळखला जातो.